हंसा वाडकर यांच्याविषयी बोलायचे, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (वेंगुर्ला)

सादर नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या महिला मंडळाने दिवाळीनंतर जुन्या मराठी अभिनेत्रींवर व्याख्यानांची एक छोटी मालिका योजली आहे. पहिले व्याख्यान हंसा वाडकर यांच्यावर असावे असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला. त्यांचा जन्म मुंबईतला असला तरी घराणे सावंतवाडीच्या बाजूचे होते, आणि आमच्याच भागातल्या या अभिनेत्रीविषयी आमच्या मुलींना जवळजवळ काहीच ठाऊक नाही याची मला खंत वाटते.

तयारीला बसल्यावर माझ्यापुढे एक अडचण उभी राहिली. ज्यांना त्यांचे नाव माहीत आहे, त्यातल्या बहुतेकांनी त्यांच्या आत्मकथनावर आधारलेला १९७७ सालचा ‘भूमिका’ हा चित्रपट पाहिलेला असतो आणि स्मिता पाटील यांनी त्यात जी उषा उभी केली, तिलाच ते हंसाबाई समजतात. थोड्याजणींनी ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन वाचलेले असते, पण त्यांच्याशी बोलताना लग्न, मद्यपान, घर सोडून जाणे आणि परत येणे एवढेच विषय निघतात. ज्या कामामुळे त्यांना हे आत्मकथन सांगावे असे लोकांना वाटले, ते पडद्यावरचे काम कोणी पाहिलेले नसते. दुःखाने भरलेले एक आयुष्य ऐकून हळहळत घरी जाण्यासाठी व्याख्यान ठेवावे, हे मला पटत नाही.

म्हणून जाणकारांना तीन गोष्टी विचारते. त्यांची कारकीर्द नेमकी कोणत्या कामांतून समजून घ्यावी? ‘भूमिका’ आणि आत्मकथन यांचा आधार किती घ्यावा? तिसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्यांच्या घराण्याला कलावंतिणींची परंपरा होती आणि त्यांनी स्वतः ते लपवलेले नाही. परंतु आमच्या श्रोत्यांमध्ये अशा घरांतून आलेली माणसेही असतील. त्यांच्यासमोर हा विषय कसा मांडावा, की तो टाळलेलाच बरा?

प्रतिसाद (सावंतवाडी)

ताई, विषय योग्य निवडला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देतो, कारण माझ्या मते उरलेल्या दोन प्रश्नांची किल्लीही त्यातच आहे.

मूळच्या रतन साळगावकर हंसा वाडकर म्हणून पडद्यावर आल्या त्या १९३६ सालच्या ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटातून. तेव्हा त्या जेमतेम तेरा वर्षांच्या असतील. बोलपट सुरू होऊन चारपाच वर्षेच झाली होती आणि गाता येणारी, स्पष्ट बोलणारी, कॅमेऱ्याला न बुजणारी मुलगी कंपन्यांना हवी होती. घरात पैशाची चणचण होती. म्हणजे हौस म्हणून किंवा नाव मिळवायचे म्हणून हे पाऊल पडले नाही, घर चालवण्यासाठी पडले. पुढची सगळी कारकीर्द या एका गोष्टीने बांधलेली दिसते, म्हणून व्याख्यानात ती आधीच सांगावी.

त्यानंतर त्या बॉम्बे टॉकीजमध्ये गेल्या. फ्रान्झ ऑस्टेन या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘नवजीवन’ (१९३९) या हिंदी चित्रपटात त्यांची नायिकेची भूमिका होती. मालाडच्या त्या स्टुडिओत कामाची शिस्त कडक होती, वेळापत्रक ठरलेले असे आणि कलावंतांना मासिक वेतन मिळे. तेथून त्या पुण्याला प्रभात फिल्म कंपनीत गेल्या, आणि १९४१ साली ‘संत सखू’ आला.

माझी विनंती अशी की आपण इथे थांबावे आणि श्रोत्यांनाही थांबवावे. ‘संत तुकाराम’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ यांच्यानंतर दामले आणि फत्तेलाल यांनी राजा नेने यांच्यासह दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. सखूची कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. कऱ्हाडची ही सासुरवाशीण पंढरीच्या ओढीने घर सोडते, आणि तिच्या जागी विठ्ठल तिचेच रूप घेऊन पाणी भरतो, दळतो, सासूची बोलणी खातो. कीर्तनात हे सांगणे सोपे असते, पण पडद्यावर ते अभिनेत्रीलाच करून दाखवावे लागते. एकच चेहरा, तेच लुगडे, तेच काम, आणि तरीही मारझोडीला भ्यालेली सखू निराळी आणि सखूच्या रूपातला देव निराळा, हे प्रेक्षकाला शब्दांवाचून कळले पाहिजे. हंसाबाईंचे वय त्या वेळी अठराच्या आसपास होते. प्रभातच्या संतपटांविषयी लिहिताना दिग्दर्शकांचे, छायालेखनाचे आणि तुकाराम साकारणाऱ्या विष्णुपंत पागनीसांचे कौतुक होते ते यथायोग्यच आहे, पण या अवघड कामाची नोंद फार कमी ठिकाणी घेतली गेली याचे मला नेहमी वाईट वाटते.

दुसरा थांबा १९४७ सालचा ‘लोकशाहीर राम जोशी’. राजकमल कलामंदिराच्या या चित्रपटाचे दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे, लेखन ग. दि. माडगूळकरांचे आणि संगीत वसंत देसाई यांचे. देसाई हे तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातल्या सोनवडे गावचे, हे आपल्या श्रोत्यांना आवर्जून सांगा. आमच्याकडे पुष्कळांना तेही माहीत नसते. राम जोशींच्या भूमिकेत जयराम शिलेदार आणि बया या तमासगिरिणीच्या भूमिकेत हंसाबाई होत्या. सखूचा डोक्यावरून घेतलेला पदर आणि खाली लागलेली नजर ज्यांनी पाहिली होती, त्यांच्यासमोर सहा वर्षांनी तीच अभिनेत्री फडावर उभी राहिली आणि नजर उचलून सवाल करू लागली. शाहिरी आणि लावणी यांना मराठी चित्रपटात पुढे जी प्रतिष्ठा आणि जो बाजार मिळाला, त्याची सुरुवात या चित्रपटापासून झाली. त्यातल्या नायिकेचा घाट हंसाबाईंनी घालून दिला, आणि नंतर अनेकींनी तो पुढे चालवला.

त्यानंतर राजा परांजपे यांचा ‘पुढचं पाऊल’ (१९५०), ज्यात पु. ल. देशपांडे त्यांच्यासोबत होते, आणि अखेरीस अनंत माने यांचा १९५९ सालचा, आत्मकथनाच्याच नावाचा ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट. हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात अडीच वर्षे चालला. मधल्या काळातली इतर कामे आपण वेळ असेल तर घ्यावीत, नाही तर ही चार नावे पुरेशी आहेत.

एक सूचना करून ठेवतो. ‘सांगत्ये ऐका’ म्हटले की सगळ्यांना ‘बुगडी माझी सांडली गं’ आठवते आणि अनेक कार्यक्रमांत ते गाणे हंसाबाईंच्या नावावर सांगितले जाते. आशा भोसले यांनी गायलेल्या त्या लावणीवर पडद्यावर नाचल्या आहेत जयश्री गडकर, ज्यांचा जन्म कारवारजवळ सदाशिवगडच्या परिसरातला. ज्येष्ठ हंसाबाई आणि नव्या दमाच्या जयश्रीबाई या एकाच चित्रपटात आहेत. तमाशापटाची एक पिढी दुसरीच्या हाती फड सोपवताना तेथे दिसते, आणि दोघींचेही मूळ याच किनारपट्टीवर आहे. आपल्या मालिकेतले दुसरे व्याख्यान कोणावर असावे, हेही त्यातून सुचेल.

प्रतिसाद (रत्नागिरी)

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु काम निराळे आणि आयुष्य निराळे अशी फारकत या बाबतीत करता येईल असे मला वाटत नाही.

‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन पुन्हा एकदा लक्षपूर्वक वाचले तर ध्यानात येते की हंसाबाई स्वतःच ही फारकत करत नाहीत. लग्नानंतर काम थांबवून संसार करावा, मुले व्हावीत, घर नीटनेटके ठेवावे, ही त्यांची इच्छा त्या वारंवार बोलून दाखवतात, आणि तरीही काम थांबत नाही, कारण त्यांच्या मिळकतीवर घर उभे असते. कमावणारी बाई, पण पैशावर अधिकार दुसऱ्याचा. नाव पडद्यावर तिचे, पण करार कोणाशी करायचा हे ठरवणारे दुसरेच. हे केवळ त्यांच्या नवऱ्याच्या स्वभावाचे वर्णन मानले तर आपण त्या काळातला एक मोठा प्रश्न लहान करून टाकू. स्टुडिओ मासिक वेतन देत तोवर निदान हिशेब सरळ होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर स्टुडिओंची व्यवस्था मोडत गेली, कलावंत चित्रपटागणिक करार करू लागले, आणि मग मधल्या माणसाचे महत्त्व वाढले. ज्या अभिनेत्रीच्या पाठीशी शिक्षण, वजनदार माहेर किंवा स्वतःचा व्यवहार पाहण्याची मुभा नव्हती, तिला हा बदल जड गेला.

तुलनेसाठी दुर्गाबाई खोटे यांच्याकडे पाहावे. त्यांनाही आपत्तीमुळेच कामाला उभे राहावे लागले, पण १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती म्हणून त्या आल्या तेव्हा एका सुखवस्तू, सुशिक्षित घरातली स्त्री चित्रपटात आली याचीच मोठी बातमी झाली. शांता आपटे यांनी तर प्रभातशी झालेल्या मतभेदानंतर कंपनीच्या फाटकाशी उपोषण केले आणि पुढे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यातले व्यवहार उघड केले. हंसाबाईंकडे असे हत्यार नव्हते. त्यांना जे म्हणायचे होते ते त्यांनी कारकीर्द संपत आल्यावर म्हटले, आणि इतक्या स्पष्टपणे म्हटले की आजही काही पाने वाचताना पुस्तक खाली ठेवावे लागते.

म्हणून ताई, आयुष्य वगळू नका. हळहळीऐवजी श्रोत्यांच्या मनात प्रश्न उभे राहतील अशा रीतीने ते सांगा. पैसा कोणाच्या हाती होता, हा पहिला प्रश्न असावा.

प्रतिसाद (मालवण)

‘भूमिका’ आणि आत्मकथन यांच्याविषयी थोडे लिहिते.

आत्मकथन प्रथम ‘माणूस’ साप्ताहिकातून आले आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने ते पुस्तकरूपात काढले. हंसाबाईंनी सांगितले आणि अरुण साधू यांनी शब्दांकन केले. म्हणजे बोलणारी एक आणि लिहिणारा दुसरा, ही गोष्ट वाचताना विसरू नये. तरीही त्या पुस्तकाचा बाज बोलीतलाच आहे. त्यात काळाचा क्रम मधूनमधून सुटतो, एखादी मोठी घटना एका वाक्यात संपते आणि एखादे साधे भांडण दोन पाने चालते. मला यातच त्यांचा खरा आवाज ऐकू येतो. स्वतःच्या बचावासाठी रचलेले ते निवेदन नाही. स्वतःच्या वागण्याविषयी, पिण्याविषयीही, त्या तितक्याच सरळपणे बोलतात. पुस्तक आल्यानंतर लवकरच, १९७१ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यामुळे नंतर झालेल्या चर्चेला उत्तर द्यायला त्या नव्हत्या.

श्याम बेनेगल यांनी या पुस्तकावर आधारून ‘भूमिका’ केला, आणि पटकथेत गिरीश कर्नाड व सत्यदेव दुबे यांचा सहभाग होता. उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार स्मिता पाटील यांना याच भूमिकेसाठी मिळाला आणि पटकथेलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोकणातले बालपण, गाणारी आजी, घराभोवती घुटमळणारा आणि पुढे नवरा होणारा माणूस, हे धागे पुस्तकातून आले आहेत. पण तो चित्रपट नायिकेच्या शोधाची कथा सांगतो. ही उषा शेवटी एकटी राहण्याच्या निर्णयाकडे येते, आणि तो शेवट सत्तरच्या दशकातल्या स्त्रीविषयक विचारांना धरून आहे. हंसाबाईंच्या पुस्तकाचा सूर निराळा आहे. त्यांना अखेरपर्यंत घर हवे होते. ही दोन माणसे एकमेकींत मिसळली की दोघींवरही अन्याय होतो. स्मिताबाईंनी एक स्वतंत्र व्यक्तिरेखा घडवली, तिचे श्रेय त्यांचे. आणि हंसाबाई कोणाच्या भूमिकेचा कच्चा माल नव्हत्या, त्या स्वतः अभिनेत्री होत्या.

माझे मत असे की ‘भूमिका’ त्याच दिवशी दाखवू नये. तो चित्रपट इतका प्रभावी आहे की त्यानंतर कोणतेही व्याख्यान फिके पडेल, आणि घरी जाताना लोकांच्या डोळ्यांसमोर स्मिता पाटील यांचाच चेहरा राहील.

प्रश्नकर्तीचा पूरक प्रश्न (वेंगुर्ला)

सर्वांचे मनापासून आभार. पैशाचा मुद्दा माझ्या मनात इतक्या स्पष्टपणे आला नव्हता, तो मी नक्की घेईन. ‘भूमिका’ स्वतंत्र दिवशी ठेवण्याची सूचनाही मंडळापुढे मांडते. माझ्या तिसऱ्या प्रश्नाविषयी मात्र अजून कोणी लिहिलेले नाही. मंडळातल्या एक ज्येष्ठ सदस्या म्हणाल्या की जुन्या घरांच्या गोष्टी गावात उकरू नयेत. त्यांचे म्हणणे मी सहज बाजूला सारू शकत नाही, कारण त्यांच्या बोलण्यात भीती होती आणि ती भीती खोटी नव्हती.

प्रतिसाद (कुडाळ)

ताई, या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे, कारण आमच्या तालुक्यातही असे प्रसंग येतात.

टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गोष्टीविषयी हंसाबाईंनी स्वतः संकोच केला नाही, ती आपण त्यांच्या वतीने लपवली तर ती लाजिरवाणी होती असा निवाडा आपणच देऊन मोकळे होतो. परंतु सांगण्याची रीत महत्त्वाची आहे.

दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवळांच्या आश्रयाने गायन आणि नृत्य करणाऱ्या घराण्यांना जमिनीचे उत्पन्न, देवळातला मान आणि त्याच वेळी गावातले हलके स्थान, असे तिन्ही एकत्र मिळत होते. त्यांच्या घरात मुलीला सूर, ताल आणि सभाधीटपणा यांचे शिक्षण लहानपणापासून मिळे, जे त्या काळात इतर कोणत्याही घरात मुलीला मिळत नसे. आपल्याकडच्या दशावतारात तर स्त्रीपार्टही पुरुषांनीच करण्याची रूढी होती आणि आजही ती बहुतांशी टिकून आहे. मग ग्रामोफोन आला, नाटक कंपन्यांत स्त्रिया येऊ लागल्या, बोलपट आला, आणि या सर्वांना तयार स्त्री-कलावंत हव्या होत्या, तेव्हा त्या कुठून येणार होत्या? मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. सावंतवाडी हे वेगळे संस्थान आणि गोवा पोर्तुगिजांकडे, त्यामुळे त्या दोन्ही ठिकाणी तो थेट लागू नव्हता. तरी वारे बदलल्याची जाणीव सगळ्यांना झाली होती. जुना आश्रय आटत चालला होता आणि मुंबईत नवे काम उभे राहत होते. अनेक कुटुंबे तिकडे गेली. साळगावकरांची मुलगी वाडकर या नावाने पडद्यावर आली, तीही याच स्थलांतराच्या काळात.

अशा रीतीने सांगितले तर ही कला, उपजीविका आणि स्थलांतर यांची हकीकत होते, आणि श्रोत्यांतल्या कोणालाही मान खाली घालावी लागत नाही. मराठी नाट्यसंगीत आणि चित्रपट ज्या पायावर उभे राहिले, त्या पायाचा मोठा भाग या स्त्रियांच्या मेहनतीचा आहे. हे ऐकून तुमच्या सभागृहातल्या एखाद्या आजीला बरे वाटेल, अशी माझी खात्री आहे.

काही पथ्ये मात्र पाळावीत. गावातल्या कोणत्याही घराचे, देवळाचे किंवा आडनावाचे उदाहरण देऊ नये, आणि प्रश्नोत्तरांत कोणी ते काढले तर सूत्रसंचालिकेने विषय नम्रपणे हंसाबाईंकडे वळवावा. त्यांच्या पुस्तकात जे त्यांनी स्वतः छापून ठेवले आहे तेवढेच त्यांच्या घराविषयी बोलावे. ज्या ज्येष्ठ सदस्यांनी भीती व्यक्त केली, त्यांना भाषणाचा हा भाग आधी वाचून दाखवावा आणि त्या सुचवतील ते शब्द बदलावेत. शब्द बदलले तरी आशय राहतो, आणि त्यांचा विश्वास मिळाला तर सभेत पहिल्या रांगेत त्या स्वतः बसतील.

कार्यक्रमाच्या बांधणीविषयी थोडेसे. ‘संत सखू’मधला एक प्रसंग आणि लगेच ‘लोकशाहीर राम जोशी’मधला एक प्रसंग असे लागोपाठ दाखवावेत आणि मध्ये काहीही बोलू नये, त्यांच्या आवाक्याविषयी जे सांगायचे ते त्यातूनच कळेल. चित्रपटांचे अंश दाखवण्यापूर्वी हक्कांची चौकशी करावी, आणि जुन्या छायाचित्रांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र लिहून पाहावे. आत्मकथनातला एखादा उतारा वाचायचा झाल्यास कामाविषयीचा निवडावा, म्हणजे स्टुडिओतला दिनक्रम, तालमी, पहिल्या चित्रपटाच्या वेळची घरची स्थिती. पुस्तकातली काही पाने फार विदारक आहेत आणि ती सभेत मोठ्याने वाचण्यासारखी नाहीत. शाळेच्या मुली येणार असतील तर हे विशेष सांभाळावे. मोठ्या मुलींना मात्र पूर्ण पुस्तक हाती द्यावे आणि नंतर त्यांच्याशी निवांत बोलावे.

पुस्तकाची प्रत तुमच्या वाचनालयात नसेल तर माझ्याकडची नेता येईल. वेंगुर्ल्याच्या एस.टी.ने कोणी कुडाळला येणार असेल तर आधी कळवावे, मी बसस्थानकावर आणून देईन.